फ्रेंचमध्ये पुन्हा मन लागलं तेव्हा

महाराष्ट्रात फ्रेंचशी बहुतेकांची पहिली ओळख 'स्कोरिंग' या शब्दातून होते. दहावीचा निकाल लागतो, अकरावीचा फॉर्म भरायचा असतो, दुसरी भाषा कुठली घ्यायची यावर घरात खल चालतो, आणि शेजारची कुणीतरी ताई छातीठोकपणे सांगते, "फ्रेंच घे गं, डोळे मिटून नव्वद पडतात." मीही अशीच घेतली. मार्क चांगले पडले. बारावी संपली त्या उन्हाळ्यात फ्रेंचची वही इतर वह्यांबरोबर रद्दीत गेली, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. भाषेचं काम झालं होतं.

चाळिशी ओलांडल्यावर मी ती पुन्हा शिकायला घेतली, या वेळी केवळ आवडते म्हणून. पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्याला तोटा नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये कितीतरी पिढ्या शिकल्या, आलियाँस फ्राँसेझ आहे, आणि पेठांपासून कोथरूड-औंधपर्यंत घरगुती क्लास आहेत. ए-वन, ए-टू या पहिल्या पायऱ्या मजेत गेल्या. आज शिकलेलं वाक्य उद्या कुठेतरी भेटायचं. बाजारात भाजी घेताना मनातल्या मनात भावांची घासाघीस फ्रेंचमध्ये करायचे. मग त्यापुढच्या पायरीची, बी-वनची 'देल्फ' ही फ्रेंचची अधिकृत परीक्षा दिली. तिचे चार भाग असतात: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकी 25 मार्क, शंभरापैकी 50 मिळाले की पास, मात्र कुठल्याही भागात 5 च्या खाली गेलं तर नापास. पास झाल्याचं जे प्रमाणपत्र मिळतं त्याला मुदत नसते, ते आयुष्यभर चालतं. माझं फाइलला लागलं, आणि त्यानंतर माझं शिकणं जागच्या जागी थबकलं.

क्लास सुटला नव्हता. वर्गात बसत होते, गृहपाठही होत होता. पण घरी पुस्तक उघडायचा कंटाळा यायला लागला. सुब्जाँक्तिफचे, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या क्रियारूपांचे, तक्ते पाठ करायचे, आठवड्याने विसरायचे, पुन्हा पाठ करायचे. मोबाइलवरचं भाषा शिकवणारं अ‍ॅप रोज संध्याकाळी आठवण करून द्यायचं आणि मी ते बोटाने सरकवून द्यायचे. ज्या भाषेच्या नुसत्या आवाजाने मी हरखून जायचे, तिच्याबद्दल मनात काहीच हलेनासं झालं. हे सगळ्यांत जास्त लागलं.

यातला काही भाग भाषाशिक्षणाच्या स्वभावातच आहे, आणि तो समजून घेतल्यावर मला थोडा धीर आला. 1950 च्या दशकात फ्रान्समध्ये भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज गूजनेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या माणसांची बोलणी टेपवर घेतली. तीन लाखांहून जास्त शब्द गोळा झाले. त्यातले वारंवार येणारे निवडून परदेशी विद्यार्थ्यांसाठी 'मूलभूत फ्रेंच' तयार झाली, तिच्या पहिल्या टप्प्यात सुमारे दीड हजार शब्द होते. एवढ्या शब्दांवर रोजच्या बोलण्याचा बराचसा गाडा चालतो. म्हणून सुरुवातीला शिकलेला प्रत्येक शब्द लगेच कामी येतो, दिवसातून दहादा भेटतो. त्या पलीकडे गेलं की एकेक नवा शब्द महिनामहिना दर्शन देत नाही. मेहनत पूर्वीइतकीच, पदरात मात्र फार कमी. शिकणाऱ्याला वाटतं आपलीच बुद्धी गंजली. वर्गातली हुशार मुलंसुद्धा याच टप्प्यावर गळताना मी पाहिली आहेत, आणि दरवेळी वाटलं, यांना हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

दुसरी अडचण कानाची. पुस्तकात 'मला माहीत नाही' हे वाक्य 'ज न से पा' असं चार स्वच्छ तुकड्यांत शिकवतात. पॅरिसचा माणूस गप्पा मारताना त्यातला 'न' गाळतो, उरलेलं एकमेकांत मिसळतो, आणि आपल्या कानावर पडतं 'शे पा'. अशी शेकडो वाक्यं. बी-वन पास झालेला माणूस फ्रेंच माणसांच्या घोळक्यात उभा राहिला तर पहिली दहा मिनिटं त्याला आपण ही भाषा कधी शिकलोच नाही असं वाटू शकतं. याच्यावर मला एक उपाय लागू पडला. 'रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनल' रोज सोप्या फ्रेंचमध्ये दहा मिनिटांच्या बातम्या देतं, 'जुर्नाल आँ फ्राँसे फासिल' नावाने. निवेदक थांबून थांबून एखादा अवघड शब्द, एखाद्या संस्थेचं नाव, एखाद्या भांडणाची मागची हकिगत समजावून सांगतात. सकाळी कणीक मळताना मी ते लावायला लागले. जगातल्या बातम्या आदल्या रात्री मराठीत ऐकलेल्या असायच्या, त्यामुळे विषय ठाऊक असायचा आणि कान फक्त भाषेवर ठेवता यायचा. याने कान सुधारला. मन मात्र अजून लागलं नव्हतं.

आमच्या वर्गात निम्मी मंडळी कॅनडासाठी शिकत होती. तिथे कायम राहण्याच्या अर्जात फ्रेंचला चांगले गुण असतात, आणि 2023 पासून फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी निवडही सुरू झाली. ही मुलं दिवसभर हिंजवडीत काम करून रात्री वर्गाला यायची. त्यांना कॅनडाला चालणारी 'तेफ' किंवा 'तेसेएफ' ही फ्रेंचची परीक्षा द्यायची असायची, आणि त्या निकालाची मुदत दोनच वर्षं असल्याने घड्याळ सतत डोक्यावर. त्यांची चिकाटी बघून मला लाज नव्हे, आदर वाटायचा. पण त्यातल्या एकाचा निकाल हवा तसा लागला आणि तो दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणाला, "मॅडम, आता सुटलो." त्याच्या जागी मी असते तर कदाचित हेच म्हटलं असतं.

या गोष्टीवर अभ्यास झालेला आहे आणि तोही नेमका फ्रेंचवर. 1959 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रियलमधल्या 75 इंग्रजी भाषक शाळकरी मुलांची फ्रेंच तपासली. त्यांचं म्हणणं असं की नोकरी किंवा फायद्यासाठी शिकणं वेगळं, आणि त्या भाषेच्या माणसांजवळ जावंसं वाटतं म्हणून शिकणं वेगळं. या मुलांमध्ये दुसऱ्या प्रकारची ओढ असणारी फ्रेंचमध्ये सरस दिसली. पुढे 1991 मध्ये गार्डनर आणि पीटर मॅकिन्टायर यांनी विद्यार्थ्यांना फ्रेंच शब्द पाठ करायला दिले आणि काहींना चांगल्या कामगिरीबद्दल पैसे देऊ केले. पैशाच्या आशेने ती मुलं इतरांपेक्षा जास्त शिकली. बक्षिसाची संधी संपली तसा त्यांचा जोर ओसरला. हे वाचताना मला अकरावी-बारावीची दोन वर्षं लख्ख दिसली. स्कोरिंगने मला पळवलं होतं, आणि शर्यत संपल्यावर पळायचं कारण उरलं नव्हतं. देल्फनंतरही तेच.

पण 'त्या भाषेच्या माणसांजवळ जावंसं वाटणं' हेही माझ्या बाबतीत अर्धवटच होतं. मला पॅरिसला राहायचं नाही. चीज आणि वाईन यांत मला रस नाही. आयफेल टॉवरची चित्रं असलेली पाठ्यपुस्तकं बघून माझ्या पोटात काही हलत नाही. मग माझा आणि फ्रेंचचा संबंध नेमका कुठे लागतो?

तो मला पुण्यातच सापडला. ल्योंला राहणारी एक मैत्रीण सुट्टीवर आली तेव्हा तिने एक जुनं पुस्तक आणलं. दया पवारांचं 'बलुतं' 1978 मध्ये मराठीत आलं, आणि 1990 मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला: 'मा व्ही दँतुशाब्ल', म्हणजे 'अस्पृश्य म्हणून माझं आयुष्य'. अनुवादक गी पॉइटवाँ. हे मूळचे फ्रान्सचे, सत्तरच्या दशकात पुण्यात आले आणि इथलेच होऊन गेले. मराठी शिकले, मावळ-मुळशीच्या डोंगरपट्ट्यात फिरले, आणि हेमा राईरकरांच्या बरोबरीने खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांची संख्या आता एक लाखाच्या वर आहे. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीत-अभ्यासकाने त्यांचा संगणकावरचा संग्रह उभारायला हातभार लावला, आणि आज तो 'पारी'च्या, म्हणजे ग्रामीण भारताच्या जगण्याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर कुणालाही ऐकता-वाचता येतो.

मी 'बलुतं' कॉलेजात वाचलं होतं. मुंबईच्या कावाखान्यातलं ते बालपण मनात रुतून बसलं होतं. आता टेबलावर डावीकडे मराठी, उजवीकडे फ्रेंच अशी दोन्ही पुस्तकं उघडली. ठरवलं, शब्दकोशाला हात लावायचा नाही. अडलं तर डावीकडे बघायचं. पहिल्या बैठकीत दोनच पानं झाली, पण पुस्तक मिटताना लक्षात आलं की बऱ्याच काळानंतर आपण फ्रेंचसमोर घड्याळ न बघता बसलो होतो. फ्रेंच माणूस आपल्या गावकुसाबाहेरची गोष्ट आपल्याला सांगतोय, आणि ती खरी आहे की नाही हे मला ठाऊक आहे. वर्गात मी कायम विद्यार्थिनी होते. इथे त्या मजकुराची मी जाणकार होते. या फरकाने काय होतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

आणि मग व्याकरण उलगडायला लागलं, तेही वेगळ्याच बाजूने. आठवणी सांगताना मराठी माणूस सतत 'असायचं, जायचो, म्हणायची' या रूपांत बोलतो, आणि मधेच एखादा प्रसंग आला की 'गेलो, आला, मारलं' वर येतो. फ्रेंचमध्ये पहिल्याचं काम अँपार्फे करतो, दुसऱ्याचं बोलण्यात पासे कोंपोझे. या दोन भूतकाळांतला फरक वर्गात आम्हाला इंग्रजीतून शिकवला होता, 'यूज्ड टू', 'वॉज डुइंग', वर अपवादांची यादी. इंग्रजीत हा भेद इतका साफ नाही, म्हणून तो इंग्रजीतून समजावताना बाईंची आणि आमची दमछाक व्हायची. मराठीत मात्र तो दोन वर्षांच्या पोरालाही येतो. 'आम्ही नदीवर जायचो' आणि 'आम्ही नदीवर गेलो' यांत कोण गोंधळेल? शंभर टक्के जुळत नाही हे खरं, पण दहापैकी आठ वेळा मराठी वाक्य मनात म्हटलं की फ्रेंच काळ आपोआप समोर येतो.

याहून मोठा धक्का पुढे होता. फ्रेंच शिकणाऱ्या कुणालाही विचारा, पासे कोंपोझेमधली कृदंताची जुळणी म्हणजे डोकेदुखी. जाणं, येणं, जन्मणं, मरणं अशा क्रियापदांना 'एत्र' (असणं) हे सहाय्यक क्रियापद लागतं आणि कृदंत कर्त्याप्रमाणे बदलतं. 'गेलो' म्हणायला पुरुष फ्रेंचमध्ये लिहिणार 'आले', बाई लिहिणार तेव्हा शेवटी एक जास्तीचा 'ई', जो उच्चारात ऐकू येत नाही. इंग्रजीतून शिकताना हे अगदी मनमानी वाटतं, कारण इंग्रजीत 'आय वेंट' म्हणणारा पुरुष की बाई ते कळत नाही. पण मी मराठीत 'मी गेले' म्हणते आणि माझा भाऊ 'मी गेलो' म्हणतो! हे मी जन्मापासून करत आले आहे.

'आव्वार' (जवळ असणं) हे दुसरं सहाय्यक लागणाऱ्या क्रियापदांत तर आणखी गंमत. तिथे कृदंत कर्त्याकडे बघतच नाही. कर्म आधी आलं असेल तर ते कर्माप्रमाणे बदलतं. 'मी लिहिलेला लेख' यात 'एक्री', 'मी लिहिलेली चिठ्ठी' यात 'एक्रीत', तो शेवटचा 'त' कानाला स्पष्ट ऐकू येतो. मराठीत आपण काय म्हणतो? मी लेख लिहिला, मी चिठ्ठी लिहिली. लिहिणारी मी एकच, क्रियापद मात्र लेखाच्या आणि चिठ्ठीच्या मागे जातं. फ्रेंचची अट थोडी कडक, कर्म आधी यावं लागतं. आपल्याकडे तीही नाही. जाण्या-येण्याला कर्त्याची जुळणी आणि करण्या-लिहिण्याला कर्माची, ही घडी दोन्ही भाषांत इतकी सारखी आहे की मी त्या रात्री वहीत पानभर उदाहरणं लिहून काढली आणि झोपायला उशीर झाला. वस्तूंना लिंग असतं, याचं इंग्रजीतून आलेल्या विद्यार्थ्याला किती आश्चर्य वाटतं! आपल्याला नाही. लिंगं जुळतीलच असं नाही, ती पाठ करावीच लागतात, पण 'टेबलाला लिंग कसलं?' हा प्रश्न मराठी माणसाला पडत नाही. अहो-जाहो आणि अरे-तुरे यांचंही तेच. 'व्हू' आणि 'त्यू' कुणाला कधी वापरायचं हे आपल्याला अंगवळणी पडलेलं असतं. अनुनासिक स्वरही आपल्याला अगदीच परके नाहीत.

तरी आपण फ्रेंच इंग्रजीतून शिकतो. मराठी माध्यमातून आलेला मुलगा फ्रेंच वाक्य आधी इंग्रजीत नेतो, तिथून मराठीत आणतो, उत्तर पुन्हा त्याच वाटेने परत पाठवतो. त्याची निम्मी शक्ती त्या मधल्या भाषेवर खर्च होते आणि वर त्याला वाटतं की आपलं इंग्रजी कच्चं म्हणून फ्रेंच जमत नाही. मला हे फार चुकीचं वाटतं. ज्या मुलांना फ्रेंच सर्वांत लवकर कळू शकते त्यांनाच आपण सर्वांत लांबच्या रस्त्याने पाठवतो.

हे लक्षात आल्यावर मी घरातही बदल केला. गूजनेमच्या मंडळींना टेपवरच्या संभाषणांत एक विचित्र गोष्ट आढळली होती: काटा, चमचा, दात यांसारखे शब्द, जे प्रत्येकाला येतात, ते माणसं बोलताना फारसे उच्चारतच नाहीत. म्हणून त्यांनी शाळकरी मुलांना विषय देऊन आठवतील ते शब्द लिहायला सांगितले, स्वयंपाकघर, कपडे, शरीराचे अवयव. मीही तेच केलं. एका कागदावर माझ्या ओट्यावरच्या वस्तू मराठीत लिहिल्या आणि शेजारी फ्रेंच. गाळणीला 'पास्वार', डावाला 'लूश', लाटण्याला 'रूलो आ पातिसरी'. पोळपाटाला काही मिळालं नाही, तो कोरा सोडला. रविवारी हा कागद कपाटाच्या दारावर लावला आणि स्वयंपाक करताना मोठ्याने बोलत गेले. घरच्यांना आता सवय झाली आहे.

मग ओव्यांकडे वळले. माझी आजी मुळशीची. जातं घरात होतं, पहाटे तिचा आवाज यायचा, पण शब्द कुणी लिहून ठेवले नाहीत. त्या संग्रहात मुळशीच्या गावांची नावं आणि गाणाऱ्या बायकांची नावं आहेत. ऐकताना तोच सूर, तीच ओढ. आमच्या भागात एक फ्रेंच बाई राहतात, मराठी शिकतात. आठवड्यातून एकदा आम्ही भेटतो, अर्धा वेळ त्यांच्या भाषेत, अर्धा आमच्या. मी त्यांना आजीच्या भागातली एक ओवी फ्रेंचमध्ये सांगायला बसले, भाऊ बहिणीला न्यायला येतो, ती वाटेकडे डोळे लावून दळते. त्यांनी विचारलं, भाऊच का येतो? मी सांगितलं. मग विचारलं, ती स्वतः का जात नाही? नवरा सोडत नाही म्हणजे काय? सासूचं काय म्हणणं? आणि तिथे गेल्यावर ती काय करते? मी माहेराबद्दल बोलत सुटले. पंचमीचा झोका, पहिली दिवाळी, पहिलं बाळंतपण, परत निघताना ओटी भरणं. काळ चुकले, लिंगं चुकली, त्या मधेच एखादं वाक्य दुरुस्त करून देत होत्या आणि मी ते उचलून पुढे जात होते. त्या दिवशी मराठीची पाळी आलीच नाही. निघताना त्या म्हणाल्या की आतापासून एकमेकींना 'त्यू' म्हणू या, आणि मी मराठीत म्हटलं, "मग तूही मला अगं म्हण."

आता बी-टूचा अभ्यास चालू आहे. सुब्जाँक्तिफ अजूनही छळतं, पण आपल्या 'यावं, जावं, करावं' शी त्याचं काहीतरी नातं आहे असा मला दाट संशय आहे आणि त्यामुळे तक्ते पाठ करण्याऐवजी मी वाक्यं जमवते आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'चा फ्रेंच अनुवादही पॉइटवाँ यांनी केला आहे, तो पुढचा.

माझ्या भाचीने यंदा अकरावीला फ्रेंच घेतली. अर्थात स्कोरिंग म्हणून, आणि त्याबद्दल मी तिला एक शब्द बोलले नाही. तिच्यासाठी दोन पानांचं टिपण लिहिलं, सगळं मराठीतून: 'गेलो-गेले' एका बाजूला, 'लिहिला-लिहिली' दुसऱ्या बाजूला. परवा रविवारी ती आली. वाचून म्हणाली, "मावशी, मग मी घेतलेला चहा 'प्री' आणि मी घेतलेली किल्ली 'प्रीझ'?" अगदी बरोबर. पुस्तक न उघडता तिने ते काढलं होतं. लगेच दुसरा प्रश्न आला, "आणि तिने हात धुतले?" फ्रेंचमध्ये तिथे क्रियापद आत्मवाचक होतं, एत्र येतं, आणि तरी कृदंत कर्त्याप्रमाणे बदलत नाही, कारण हात मागून येतात. आपल्याकडे मात्र 'धुतले' हातांमागेच जातं. इथे आमची मराठी पुरली नाही. तिला म्हटलं, आंघोळ केली, केस विंचरले, दात घासले अशी दहा वाक्यं लिहून आण, पुढच्या रविवारी दोघी मिळून बघू कुठे जुळतं आणि कुठे नाही.